प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे विमानातली 'निमआराम' गाडी. धाराशिवहून अमेरिकेला निघताना जादा पैसे मोजावेत का?

पोरगा पुण्यात इंजिनिअर झाला, तिथून अमेरिकेला गेला, आता घरात पाळणा हलणार आहे. मग आई-बाबांना बोलावणं येतं. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कुठल्याही तालुक्यात गेलात तरी अशी चार-दोन घरं सापडतातच. पासपोर्ट होतो, व्हिसा होतो आणि तिकीट काढायच्या वेळी पोरगं फोनवर विचारतं, "बाबा, इकॉनॉमी काढू का प्रीमियम इकॉनॉमी?"

बाबा विचारतात, "फरक काय?" पोरगं सांगतं, "जरा जास्त जागा असते." मग बाबा पैशाचा आकडा विचारतात आणि तो ऐकून म्हणतात, "नको रे, बसून तर जायचंय."

आता हा "जरा" म्हणजे नेमका किती? त्यासाठी जे पैसे जातात ते कशाकशाचे? आणि साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना त्याचा खरंच उपयोग होतो का? एकेक करून बघू.

ही भानगड आहे काय?

सगळ्यात सोपं उदाहरण एसटीचं. एका बाजूला साधी लालपरी, दुसऱ्या बाजूला झोपून जायची स्लीपर आणि या दोघींच्या मध्ये निमआराम गाडी, जिला लोकांनी १९८२ च्या दिल्लीतल्या स्पर्धेवरून 'एशियाड' हेच नाव देऊन टाकलं. सीट जरा बरी, पाठ जरा मागं जाते, पण झोपायला मिळत नाही. प्रीमियम इकॉनॉमी ही विमानातली निमआराम गाडी आहे.

लालपरी म्हणजे इकॉनॉमी. लांबच्या विमानातली स्लीपर म्हणजे बिझनेस क्लास, तिथली सीट बहुतेक वेळा पूर्ण आडवी होते. पण बिझनेसचं भाडं इकॉनॉमीच्या कित्येक पट असतं. मधल्या माणसासाठी काहीच नव्हतं. ही मधली जागा पहिल्यांदा हेरली तैवानच्या एव्हा एअरने, १९९१ साली. पुढच्याच वर्षी ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक आली. ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणि जर्मनीच्या लुफ्तान्साने २०१४ साली हा वर्ग सुरू केला.

भारतीय कंपन्यांमध्ये पहिली होती विस्तारा. जानेवारी २०१५ मध्ये तिची पहिली विमानं उडाली तीच तीन वर्ग घेऊन. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडियाचं एअरबस ए-३५० विमान सेवेत आलं होतं, त्यातही हा वर्ग आहे.

"जरा जास्त जागा" म्हणजे किती?

याच ए-३५० चं उदाहरण घेऊ. विमानात एकूण ३१६ सीट. त्यातल्या २८ बिझनेसच्या, २४ प्रीमियम इकॉनॉमीच्या आणि उरलेल्या २६४ इकॉनॉमीच्या.

इकॉनॉमीत एका रांगेत ३-३-३ अशा नऊ सीट बसतात. प्रीमियममध्ये २-४-२ अशा आठ. म्हणजे नवरा-बायको दोघंच जाणार असतील तर कडेची जोडी मिळू शकते. तिसरं कुणी मांडीला मांडी लावून बसत नाही आणि बाथरूमला जायला अनोळखी माणसाला उठवावं लागत नाही. वयस्कर जोडप्यासाठी खरं तर हाच मोठा फायदा आहे.

आता पायाची जागा. पुढच्या सीटपासून आपल्या सीटपर्यंतचं अंतर इकॉनॉमीत साधारण ३१ इंच असतं. एअर इंडियाच्या प्रीमियममध्ये ते ३८ इंच आहे, एमिरेट्समध्ये ४० इंच. फरक सात ते नऊ इंचांचा, म्हणजे जेमतेम वीतभर. रुंदीत इंच-दोन इंच जास्त. पाठ थोडी जास्त मागं जाते आणि बहुतेक ठिकाणी पोटऱ्या किंवा पाय टेकवायला आधार असतो.

वीतभर म्हणजे काहीच नाही असं घरी बसून वाटतं. पण पुढच्या माणसाने सीट मागं पाडली की तीच वीत गुडघा मोकळा ठेवते.

बाकी जेवण जरा बरं मिळतं, पांघरूण-उशी चांगली असते, बऱ्याच कंपन्यांत चेक-इनची रांग वेगळी असते. विमानतळावरचा लाउंज मात्र यात सहसा येत नाही. आणि एक तोटा कुणी सांगत नाही. या सीटचे हात बहुतेक वेळा पक्के असतात, वर उचलता येत नाहीत. म्हणजे शेजारची सीट रिकामी राहिली तरी आडवं होता येत नाही. इकॉनॉमीत नशिबाने तीन सीट रिकाम्या सापडल्या तर तिथे झोप जास्त चांगली लागते.

जे पैसे देऊनही मिळत नाही

विमान तेच, हवा तीच. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो. हवा कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली. त्यामुळे घसा सुकणं, पाय सुजणं, डोकं जड होणं हे वीतभर जागेने थांबत नाही. जेट लॅगही सगळ्यांना सारखाच.

दुसरा विषय पायात रक्ताची गुठळी होण्याचा. याला लोक 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात आणि या नावानेच घोळ केलाय. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट झाला तरी तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच असतो. पण महत्त्वाचं पुढे आहे. हा धोका फक्त विमानाचा नाही, बस, कार आणि रेल्वेचाही आहे. कारण सीटचा वर्ग नाही, कारण आहे तासन् तास न हलणं. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत इकॉनॉमीत बसल्यामुळेच गुठळी होते याला ठोस पुरावा नसल्याचं म्हटलं. उलट खिडकीच्या सीटवरची माणसं कमी उठतात, म्हणून त्यांना धोका जास्त.

थोडक्यात, इकॉनॉमीत वाटेकडेची सीट घेऊन दर तास-दीड तासाने उठणारा माणूस, प्रीमियममध्ये पांघरूण घेऊन आठ तास पडून राहणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे. ज्यांना आधी गुठळी झालीय, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी तिकिटाआधी डॉक्टरांना विचारावं.

धाराशिवकरांचं गणित वेगळं का?

कारण मुंबईच्या माणसाचा प्रवास विमानात सुरू होतो, धाराशिवच्या माणसाचा प्रवास तोवर अर्धा झालेला असतो.

धाराशिवला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा नाही. शेजारच्या सोलापूरहून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली. पण ते तिकीट वेगळं काढलं तर बॅगा मुंबईत उतरवून पुन्हा द्याव्या लागतात आणि पहिलं विमान रखडलं तर दुसरं आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून बहुतेक लोक गाडी करतात, ट्रॅव्हल्स पकडतात किंवा लातूर-मुंबई एक्स्प्रेसने निघतात. मुंबई साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे रस्त्याने आठ-नऊ तास. नळदुर्ग-उमरगा पट्ट्यातल्या लोकांना पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग दारात असल्यामुळे हैदराबाद जवळ पडतं आणि तिथूनही लंडन, फ्रँकफर्ट, दुबईची विमानं आहेत.

आता बेरीज करा. आठ-नऊ तास रस्ता, तीन-चार तास विमानतळ, न्यूयॉर्कचं थेट विमान असेल तर पुढे पंधरा-सोळा तास. एकूण सत्तावीस-अठ्ठावीस तास झाले. त्यातले बसून काढायचे तास चोवीसच्या आसपास. प्रीमियम इकॉनॉमी यातला एकच टप्पा सुधारते.

म्हणून पैसे मर्यादित असतील तर आधी प्रश्न हा विचारायला हवा की सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो? बऱ्याचदा उत्तर असतं, रात्रभर गाडीत अवघडून बसून थेट विमानात चढण्यात. अशा वेळी एक दिवस आधी मुंबईत पोचून नातेवाइकांकडे किंवा साध्या लॉजवर पाठ टेकली तर ती झोप प्रीमियम सीटच्या तुलनेत फार स्वस्तात पडते.

पैशाचं गणित: जीएसटी विसरू नका

इथे एक मोठा बदल झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी सगळ्या वर्गांच्या विमान तिकिटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर मात्र ५ टक्केच राहिला. आणि नावात 'इकॉनॉमी' असलं तरी करासाठी प्रीमियम इकॉनॉमी 'बाकी'च्या गटात मोडते.

उदाहरणादाखल समजा, मुंबईहून फक्त जायच्या तिकिटाचं मूळ भाडं इकॉनॉमीत ५०,००० आणि प्रीमियममध्ये ८०,००० रुपये आहे. वरवर फरक दिसतो ३०,००० चा. पण इकॉनॉमीवर कर २,५०० आणि प्रीमियमवर १४,४०० रुपये. म्हणजे खरा फरक ४१,९०० रुपये.

हा आकडा विमानातल्या तासांनी भागा. पंधरा तासांचं विमान असेल तर तासाला सुमारे २,८०० रुपये पडतात. एका माणसाचे. आई-बाबा दोघं असतील तर दुप्पट. म्हणून तुलना नेहमी सगळे कर धरून येणाऱ्या शेवटच्या रकमेची करायची.

घ्यायचंच ठरलं तर काय बघायचं?

पहिलं, प्रत्येक टप्पा तपासा. मुंबई-दुबई प्रीमियम असेल आणि पुढच्या चौदा तासांच्या विमानात तो वर्गच नसेल, तर पैसे चुकीच्या टप्प्यावर गेले. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानात हा वर्ग आणला, पण तो त्यांच्या प्रत्येक विमानात नाही. कतार एअरवेज आणि एतिहाद तर या वर्गाच्या वाटेला गेलेल्याच नाहीत.

दुसरं, नावाला फसू नका. 'एक्स्ट्रा लेगरूम' म्हणून जी सीट विकतात ती इकॉनॉमीचीच असते, फक्त पाय पसरायला जागा जास्त. अर्थात, फक्त गुडघ्यांचाच प्रश्न असेल तर कमी पैशात तीही चालते.

तिसरं, एकाच बाजूचं घेता येतं. अमेरिकेला जाताना विमान उलट्या वाऱ्याने जातं, त्यामुळे येण्यापेक्षा जायला तास-दोन तास जास्त लागतात. जाताना प्रीमियम आणि येताना इकॉनॉमी असं तिकीट बऱ्याच कंपन्या देतात.

चौथं, बॅगा मोजा. लुफ्तान्सा आणि ब्रिटिश एअरवेजच्या प्रीमियममध्ये २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. इकॉनॉमीच्या स्वस्त तिकिटात अनेकदा एकच. चटण्या, पापड, बाळंतविड्याचं सामान असं सगळं न्यायचं असेल तर जादा बॅगेचे पैसे धरून मगच फरक काढा.

पाचवं, व्हीलचेअरसाठी प्रीमियम घ्यायची गरज नाही. ती कुठल्याही वर्गात मागता येते. तिकीट काढतानाच, किंवा निदान ४८ तास आधी कळवायचं. शाकाहारी किंवा जैन जेवणही तसंच आधी नोंदवायचं.

प्रीमियमचे पैसे भरले आणि बसवलं इकॉनॉमीत, तर?

कधी विमान बदलतं, कधी सीट नादुरुस्त असते आणि काउंटरवर सांगतात की तुम्हाला मागं बसावं लागेल. वयस्कर माणसं "जाऊ द्या" म्हणून गप्प बसतात. बसू नका.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला नियम असा आहे की, प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर कंपनीने करासह तिकिटाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा परत द्यायचा. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-लंडन किंवा मुंबई-न्यूयॉर्क हे शेवटच्या गटात येतात. त्यामुळे बोर्डिंग पास जपून ठेवायचा आणि सीट बदलल्याचं काउंटरवरच लिहून घ्यायचं.

मग शेवटी काय करायचं?

उंची सहा फुटांच्या आसपास असेल, गुडघे-कंबर खरंच दुखत असेल, दोघं सोबत असतील आणि विमान दहा तासांच्या पुढचं असेल, तर निदान जातानाचं तिकीट प्रीमियमचं काढायला हरकत नाही. तरुण आणि धडधाकट माणसाने, किंवा दुबई-सिंगापूरपर्यंतच जाणाऱ्याने, हे पैसे वाचवलेले बरे. आणि पैसे एकाच ठिकाणी घालता येणार असतील, तर आधी मुंबईतली एक रात्र आणि वाटेकडेची सीट पक्की करा, प्रीमियमचा विचार त्यानंतर.