तबकडीवरचे गाणे कोणत्या फाइलमध्ये ठेवावे?

आलिया करताना आपल्यापैकी अनेकांनी पेटीत तबकड्याही आणल्या. नाट्यगीते, भावगीते, जुन्या हिंदी सिनेमाची गाणी. आता त्या कम्प्युटरवर उतरवायचे ठरले, की दुकानदार विचारतो, "फाइल कोणती हवी?" इथे घाई करू नका.

आमच्या घरी ती झाली. "फाइली लहान करा," असे आम्हीच सांगितले. सगळ्या तबकड्यांच्या एमपी३ झाल्या आणि घर बदलताना तबकड्या देऊन टाकल्या. आज हेडफोन लावून ऐकले, तर तंबोरा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. पुन्हा उतरवून घ्यायला मूळ काही राहिले नाही.

असे का होते? कम्प्युटर आवाजाचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतो. सीडीच्या दर्जाला ४४,१०० वेळा, १६ बिटमध्ये. ही सारी मापे जशीच्या तशी ठेवते ती वेव्ह फाइल. ४० मिनिटांच्या एलपीला ती सुमारे ४२० एमबी जागा घेते. एमपी३ मात्र कानाला फारसे जाणवणार नाही असे धरून बराच भाग टाकून देते. १२८ केबीपीएसवर तीच एलपी ३८ एमबीत मावते. जुन्या तबकडीची खरखरही त्या थोड्या जागेत वाटा मागते, आणि गाण्याला कमी उरते. पुढे त्या एमपी३ची वेव्ह केली, तर फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

फ्लॅक ही तिसरी फाइल. तिला नऊवारीची घडी समजा: जागा कमी लागते, पण उलगडली की पुरे नऊ वार. एमपी३ म्हणजे पातळ कापूनच पेटीत बसवणे! फ्लॅक साधारणपणे वेव्हच्या निम्म्या ते पाऊण आकाराची होते, आणि गायकाचे, गाण्याचे नावही तिच्या आतच लिहिता येते.

म्हणून मूळ प्रत फ्लॅक किंवा वेव्हमध्येच घ्या, जमल्यास २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. खरखर काढायची असेल तर ती नकलेवर काढा. मूळ प्रतीला हात लावू नका. नातवंडांच्या मोबाईलसाठी एमपी३ हवी, ती या मूळ प्रतीवरूनच करा. मूळ प्रतीही दोन ठेवा, एक आपल्याकडे, एक मुलीच्या किंवा भावाच्या घरी.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र एलपीची सुई चालत नाही. त्यांची खाच रुंद असते, सुईही जाड लागते. उतरवणाऱ्याला हे आधी विचारा.

आणि कपाटात मंडळाच्या कीर्तनाची किंवा मलिद्याच्या वेळी गायलेल्या गाण्यांची कॅसेट असेल, तर नियम तोच, पण काम तिच्यापासून सुरू करा. नाट्यगीताच्या तबकडीच्या बाजारात अनेक प्रती निघाल्या. ही कॅसेट बहुधा एकच असते. कोण गाते आहे, हे ओळखणाऱ्या मावशी-काकांना शेजारी बसवून नावे त्याच दिवशी लिहून घ्या.