परवानगीच्या मुदतीला विराम
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार विकास परवानगी, म्हणजे बांधकामासाठी नियोजन प्राधिकरणाने दिलेली संमती, एक वर्ष अमलात राहते आणि पुढे मर्यादेतच वाढवून मिळते. जमीन नुसती अडवून ठेवली जाऊ नये, यासाठी अशी कालमर्यादा आवश्यकच आहे. तथापि मार्च २०२० च्या कोविड टाळेबंदीत मजूर गावी परतले आणि बांधकामे ठप्प झाली, तेव्हा त्या विलंबाचा दोष विकासकावर ठेवणे न्याय्य नव्हते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम ६ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप यांसारख्या आवाक्याबाहेरील आपत्तींसाठी प्रकल्पाच्या, या परवानगीहून वेगळ्या, नोंदणीला मुदतवाढ देण्याची तरतूद असून, महामारीही अशीच आपत्ती मानून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, मे २०२० मध्ये १५ मार्च किंवा त्यानंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना सहा महिन्यांची वाढ दिली. त्याआधीच मुदत संपलेले प्रकल्प या सवलतीबाहेर राहिले, हे उचितच झाले; कारण ताबा लांबला की घरभाडे आणि कर्जाचा हप्ता हे दोन्ही भार ग्राहकालाच सोसावे लागतात, शिवाय या वाढीव काळातील विलंबाचे व्याजही त्याला मिळत नाही.