रक्ताची गुठळी : बांधणी आणि मोडणी

पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात, "रक्त पातळ करण्याचे औषध चालू असताना गुठळी लगेच का विरघळत नाही?" याचे उत्तर शरीराच्या दुहेरी व्यवस्थेत आहे.

रक्तवाहिनीस इजा होताच प्लेटलेट्स तेथे चिकटून तात्पुरता बांध घालतात. पाठोपाठ थ्रॉम्बिन हे विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे चिवट धागे बनविते व गुठळी पक्की होते. जखम भरू लागली की प्लाझ्मिन हे दुसरे विकर तेच धागे तोडून वाट मोकळी करते. हा ताळेबंद बिघडला, तर एकीकडे रक्तस्राव होतो, दुसरीकडे वाहिनी बंद पडते. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकल्यास जीवावर बेतते.

हेपारिन, वॉरफेरिन ही औषधे वस्तुतः रक्त पातळ करीत नाहीत, गुठळी विरघळवीतही नाहीत. ती गुठळीची वाढ रोखतात; मोडणी शरीर स्वतः, सावकाश करते. म्हणूनच हे उपचार सामान्यतः किमान ३ महिने चालतात. गुठळी थेट विरघळविणारी औषधे निराळी असून रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ती निवडक रुग्णांनाच देतात.

सूज उतरली म्हणजे गुठळी गेली, असे नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध थांबवू नये, वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आयएनआर तपासणी चुकवू नये, ही कुटुंबीयांस नम्र विनंती. खाट रिकामी झाली तरी उपचार व त्यांचा खर्च चालूच राहतो, याकडे देणगीदारांचेही आम्ही आदरपूर्वक लक्ष वेधतो.