पथ्य किती पाळले, हे मोजतात कसे?

‘पथ्य पाळता ना?’ असे डॉक्टरांनी विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘हो, बऱ्यापैकी.’ दवाखान्यात हे चालून जाते. पण एखाद्या आहारपद्धतीने हृदयविकार खरोखर कमी होतो का, हे शोधायचे असेल तर ‘बऱ्यापैकी’ची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. कोणी ती पद्धत किती पाळली, हे आकड्यात मांडावे लागते. ‘अमुक आहाराने आयुष्य वाढते’ अशा ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या पुष्कळ बातम्यांच्या मुळाशी असा एखादा गुणांक असतो. म्हणून तो कसा काढतात हे समजून घेतलेले बरे.

अशा गुणांकांत सर्वांत जास्त वापर झाला आहे तो भूमध्य समुद्राकाठच्या आहाराच्या गुणांकाचा. अमेरिकी संशोधक अन्सेल कीज यांनी १९५८च्या सुमारास सात देशांत अभ्यास सुरू केला. क्रीट बेटावरच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू फार कमी आहेत, असे त्यात दिसले. त्यांच्या जेवणात ऑलिव्हचे तेल, भाज्या, कडधान्ये, फळे आणि पाव भरपूर असे, मांस थोडे. पण ‘असे जेवण’ म्हणजे नेमके किती? ग्रीसच्या अँटोनिया ट्रिकोपुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याचे सोपे उत्तर काढले. तीन खेड्यांतल्या सत्तरीपुढच्या १८२ माणसांचा आहार त्यांनी आठ बाबींवर तपासला. २००३च्या अभ्यासात त्यांनी मासे ही नववी बाब जोडली. त्या वेळी त्यांच्यासमोर २२,०४३ ग्रीक स्त्री-पुरुष होते.

मोजणीची रीत अशी. भाजीचेच उदाहरण घेऊ. अभ्यासातले सगळे पुरुष रोज किती भाजी खातात, ते चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोबर मधला आकडा काढायचा. याला मध्यक म्हणतात. समजा, तो ५०० ग्रॅम निघाला. मग ५०० किंवा त्याहून जास्त भाजी खाणाऱ्याला १ गुण, कमी खाणाऱ्याला शून्य. बायकांचा मध्यक वेगळा काढायचा. कडधान्ये, फळे व सुकामेवा, धान्ये, मासे यांचे असेच. मांस आणि दुधाचे पदार्थ यांचा हिशेब उलटा, म्हणजे मध्यकाच्या खाली असेल तर गुण. तेला-तुपाचा प्रकार कोणता, याला एक गुण आणि मद्य माफक असेल तर एक. सगळ्यांची बेरीज ० ते ९ मध्ये येते.

या साध्या बेरजेतून जे निघाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००३च्या अभ्यासात बेरीज दोन गुणांनी जास्त असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्के कमी होते. पण एकटी भाजी, एकटे मासे किंवा एकटी कडधान्ये यांचा मृत्यूशी असा ठळक संबंध बहुधा दिसला नाही. एकेका पदार्थाचा परिणाम इतका बारीक असतो की तो हाती लागत नाही. सगळे मिळून ताट बदलले की तो दिसू लागतो. एखाद्या पदार्थाला ‘अमृत’ ठरवून विकणाऱ्या जाहिरातींना याहून चांगले उत्तर नाही.

मात्र या रीतीत एक मोठी खोट आहे. मध्यक त्या-त्या गटातूनच काढलेला असतो. एखाद्या शहरात सगळेच जेमतेम भाजी खात असतील, तरी त्यातल्या वरच्या अर्ध्या लोकांना भाजीचा गुण मिळणारच. त्यामुळे ग्रीसमधले ६ गुण आणि दुसऱ्या देशातले ६ गुण यांची तुलना होत नाही. शिवाय ५१० ग्रॅम खाणारा आणि ८०० ग्रॅम खाणारा सारखे ठरतात, पण ४९० वाला नापास होतो.

मध्यक गटागटाने बदलण्याची अडचण स्पेनमधल्या प्रेडिमेड या मोठ्या अभ्यासात टाळली गेली. तिथे मध्यकाऐवजी आधीच ठरवलेली मापे घेतली आणि १४ प्रश्नांची छोटी प्रश्नावली केली. स्वयंपाकाचे मुख्य तेल ऑलिव्हचे का? दिवसाला ते चार मोठे चमचे किंवा जास्त पोटात जाते का? भाजी दिवसातून दोनदा, त्यात एकदा तरी कच्ची? फळे तीन? कडधान्ये आठवड्यातून तीनदा? लोणी, गोड शीतपेये, बाजारची मिठाई-बिस्किटे मर्यादेत? एक प्रश्न तर खास तिथल्या स्वयंपाकघराचा आहे : टोमॅटो, कांदा, लसूण ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर शिजवून केलेले ‘सोफ्रितो’ आठवड्यातून दोनदा असते का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. काही मिनिटांत काम होते आणि आहारतज्ज्ञाला समोरच्या माणसाला तिथल्या तिथे सांगता येते की कमी कुठे पडते आहे.

पण इतकी छोटी प्रश्नावली खरे सांगते का? २०११ मध्ये सात हजारांहून अधिक लोकांत तिची तुलना १३७ पदार्थांच्या सविस्तर प्रश्नावलीशी केली. दोन्ही गुणांकांतला सहसंबंध ०.५२ निघाला. पूर्ण जुळणी असती तर तो १ आला असता. माणसांना वरच्या आणि खालच्या गटांत टाकायला हे पुरते. एकट्या माणसाच्या ७ आणि ८ गुणांतल्या फरकावर मात्र मी फारसा विश्वास ठेवणार नाही.

आणि ती सविस्तर प्रश्नावली तरी कितपत खरी? तीही माणसाच्या आठवणीवरच चालते. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विशिष्ट खूण असलेले पाणी पाजून शरीराने प्रत्यक्ष किती ऊर्जा खर्च केली ते मोजले. पदार्थांच्या प्रश्नावलीत लोकांनी आपले खाणे सुमारे एक तृतीयांशाने कमी सांगितले होते. यात लबाडी असतेच असे नाही. येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, चहाबरोबरची दोन बिस्किटे, पोराच्या ताटात उरलेला घास हे कोणाच्या लक्षात राहते? म्हणून प्रेडिमेडमध्ये काही जणांची लघवी आणि रक्तही तपासले. ऑलिव्हच्या तेलाची खूण लघवीत आणि अक्रोडाची खूण रक्तात सापडते. तोंडाने सांगितलेले आणि शरीराने सांगितलेले जुळले, म्हणजे गुणांकाला वजन येते. याच अभ्यासात कोणाला कोणता आहार द्यायचा याची गटवाटणी काही ठिकाणी नियमाप्रमाणे झाली नव्हती. त्यामुळे २०१३चा मूळ लेख २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त हिशेबासह पुन्हा छापला गेला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. चूक उघडपणे मान्य करून हिशेब नव्याने मांडला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आता ही १४ प्रश्नांची यादी नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या घरात भरून पाहा. रोजचे वरण आणि मुगा-मटकीची उसळ यांमुळे कडधान्यांचा गुण सहज पदरात पडतो. कोशिंबीर असेल तर भाजीचाही. पण शेंगदाण्याच्या तेलात कांदा-टोमॅटो कितीही परतला तरी सोफ्रितोचा गुण नाही आणि ऑलिव्हचे दोन्ही गुण गेलेच. शाकाहारी घराला मासे नाहीत. आठवड्याला सात ग्लास वाइनला जो गुण आहे, तो आज कोणीही जाणता डॉक्टर नव्याने प्यायला सांगून मिळवून देणार नाही. मद्याचे निर्धोक असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. उलट लोणचे, पापड, फरसाण यांतून जाणाऱ्या मिठाबद्दल ही यादी एक शब्दही विचारत नाही. भाताचा किंवा पोळ्यांचा ढीग किती, हेही नाही. म्हणजे आपल्या ताटातले खरे धोके तिच्या जाळीतून निसटतात आणि परके निकष आपल्याला विनाकारण नापास करतात. इंटरनेटवर अशी चाचणी दिसली तर तिच्या गुणांसाठी महागडे ऑलिव्हचे तेल आणू नका.

आपल्यासाठी जवळचे माप हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आहे. २०२४च्या तिच्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला २,००० कॅलरींच्या ताटासाठी भाज्या ४०० ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम, डाळी वगैरे ८५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम अशी प्रमाणे दिली आहेत. मीठ दिवसाला जास्तीत जास्त ५ ग्रॅम. यातल्या दोन गोष्टी आठवणीवर न विसंबता घरी मोजता येतात, कारण त्यांचा हिशेब किराण्याच्या बिलात असतो. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आत आणि मीठ ६०० ग्रॅमच्या आत बसले पाहिजे. विकतचे लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठ-तेल त्यातच धरायचे. या महिन्याचे बिल काढा आणि घरातल्या माणसांनी भागून पाहा.