विश्लेषण : नव्या पिढीच्या कॅमेऱ्यातले जंगल वाघाच्या पलीकडे कसे गेले?

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेचे निकाल जाहीर केले. त्यात तरुण गटातला सर्वोच्च मान वाघ, बिबट्या किंवा गरुडाला नाही, तर एका भुंगेऱ्याला मिळाला. गेल्या काही वर्षांतले तरुण विजेते पाहिले तर हा अपवाद नाही. याच काळात आपल्याकडच्या व्याघ्र प्रकल्पांत मात्र मोबाइल उंचावलेल्या हातांची गर्दी इतकी झाली, की प्रकरण न्यायालयात गेले. जंगल म्हणजे नेमके काय, याची दोन उत्तरे सध्या एकाच पिढीच्या हातात आहेत.

त्या भुंगेऱ्याच्या छायाचित्रात आहे काय?

छायाचित्रकार आंद्रेआ डोमिनिझी इटलीचा, वय १७. मध्य इटलीतल्या लेपिनी डोंगरांत त्याला लांब मिशांचा एक भुंगेरा (लाँगहॉर्न बीटल) दिसला. या भागात पूर्वी जुन्या बीच वृक्षांची तोड झाली होती आणि तोडीची यंत्रे तिथेच गंजत पडली होती. चित्रात पुढे भुंगेरा आहे आणि मागे यंत्र. शीर्षक ‘आफ्टर द डिस्ट्रक्शन’, म्हणजे विध्वंसानंतर.

यातली खोच जीवशास्त्र ठाऊक असलेल्यालाच कळते. या कुळातल्या अनेक भुंगेऱ्यांच्या अळ्या मेलेले लाकूड पोखरून जगतात. त्यांनी पाडलेल्या बोगद्यांतून बुरशी आत शिरते, लाकूड लवकर कुजते आणि त्यातले अन्नद्रव्य मातीत परत जाते. म्हणजे लाकूड खाणारे दोघेही एकाच चौकटीत आहेत. एक खाऊन जंगलाला परत देतो, दुसऱ्याने ते ट्रकवर लादून नेले. सतरा वर्षांच्या मुलाने हे एकाही शब्दाविना मांडले.

आधीच्या तरुण विजेत्यांनी काय टिपले होते?

२०२४ चा तरुण विजेता जर्मनीचा अलेक्सिस टिंकर-त्सावालास. त्याने पडलेला एक ओंडका उलटला आणि खालचे जग टिपले : स्लाइम मोल्डचे टाचणीएवढे देठ आणि त्यांच्याजवळ स्प्रिंगटेल हा जेमतेम काही मिलिमीटरचा जीव. स्प्रिंगटेल क्षणात उडी मारून नाहीसा होतो, म्हणून हात चालवावा लागला घाईने. वेगवेगळ्या भागांवर फोकस साधलेली ३६ छायाचित्रे जोडून अंतिम चित्र तयार झाले.

२०२१ चा विजेता आपल्या शेजारचा. बंगळुरूचा विद्युन हेब्बार तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. भिंतीतल्या फटीत एका कोळ्याने तंबूसारखे जाळे विणले होते. मागच्या रस्त्यावरून ऑटोरिक्षा गेली आणि तिचा हिरवा-पिवळा रंग जाळ्यामागे पसरला. तोच क्षण त्याने पकडला. २०२३ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या गटातले पारितोषिकही बंगळुरूजवळच मिळाले. नल्लूरच्या जुन्या चिंचबनात भिंतीवरच्या कृष्णाच्या शिल्पाशेजारी बसलेला कोळी हा त्याचा विषय. हे चिंचबन २००७ मध्ये देशातले पहिले ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून जाहीर झाले होते.

यातल्या एकाही चित्रासाठी अभयारण्याच्या जिप्सीत बसावे लागलेले नाही. या मुलांचे जंगल जवळचे आहे, लहान आहे आणि बहुतेक वेळा माणसाच्या पसाऱ्याला चिकटलेले आहे. त्यात भिंत आहे, रिक्षा आहे, गंजलेले यंत्र आहे. जुन्या पिढीचा वन्यजीव छायाचित्रकार चौकटीतून विजेची तार किंवा रस्ता कटाक्षाने बाहेर ठेवत असे. ही मुले तो मुद्दाम आत घेतात. तो चौकटीबाहेर ठेवता येईल असे जंगल त्यांच्या वाट्याला फारसे आलेलेच नाही, हे त्याचे एक कारण असावे.

मेलेल्या लाकडाचे एवढे कौतुक कशासाठी?

आपल्याकडे पडलेले झाड म्हणजे एक तर सरपण नाही तर कचरा. उद्यानांतला पाचोळाही झाडून जाळला जातो. पण जंगलाचा हिशेब कुजण्यावर चालतो. वाळवी, बुरशी, भुंगेऱ्यांच्या अळ्या यांच्याशिवाय पोषणाचे चक्र फिरत नाही. सह्याद्रीतल्या देवरायांनी हे कोणत्याही शास्त्राच्या पुस्तकाविना जपले. देवाच्या रानातली वाळकी काटकीही उचलायची नाही, हा अनेक गावांचा दंडक होता. त्यामुळे मोडून पडलेली झाडे तिथेच जिरली. ज्यांना कॅमेरा घेऊन जंगल समजून घ्यायचे आहे त्यांनी ताडोबाआधी एखाद्या देवराईत, पावसाळ्याच्या तोंडावर, एकाच ओंडक्यापाशी दोन तास बसून पाहावे. परवानगी मात्र गावाकडून घ्यावी.

मग वाघाच्या मागे लागलेली गर्दी कोणाची?

तीही बरीचशी याच पिढीची. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी तिची वाट अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापराला मनाई केली.

मोबाइलवर राग का? कारण तो फक्त कॅमेरा नाही. एका गाडीला वाघ दिसला की फोनवरून ठिकाण कळते आणि बाकीच्या गाड्या तिकडे धावतात. शिवाय रील ही जागेवरच पाहिजे असते. पण बंदी मोबाइलला आहे, कॅमेऱ्याला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. लाखभराची लेन्स बाळगणाऱ्याची अडचण होत नाही. वाट अडवणाऱ्या गाड्यांत मोठ्या लेन्सही असतात, आणि ‘जरा पुढे घे’ असे चालकाला सांगणारा पर्यटक बक्षिशीची नोटही दाखवत असतो. कारवाई मात्र आधी चालकावर होते.

काजव्यांची छायाचित्रे फसवी असतात का?

फसवी नाहीत, पण ती पाहायची कशी हे कोणी सांगत नाही. मे महिन्याच्या मध्यापासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजव्यांसाठी झुंबड उडते. त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी एक छायाचित्र पाहिलेले असते : झाड नखशिखांत पेटलेले, हवेत हजारो सोनेरी ठिपके. असे चित्र बहुधा एका क्षणाचे नसते. तमिळनाडूतल्या अनामलाईच्या जंगलातले श्रीराम मुरली यांचे काजव्यांचे छायाचित्र २०२३ मध्ये याच स्पर्धेत विजेते ठरले. ते प्रत्येकी १९ सेकंदांची ५० छायाचित्रे जोडून बनवलेले आहे. म्हणजे सुमारे १६ मिनिटांत जेवढे चमकले, ते सारे एकाच कागदावर आले. मुरली यांनी ते लपवलेले नाही. समाजमाध्यमांवर फिरताना मात्र ती ओळ गळून पडते.

मग मुंबई-पुण्याहून आलेल्याला ‘एवढेच का?’ असे वाटते. तो झाडाजवळ जातो, बॅटरी मारतो, गाडीचे दिवे लावतो. काजव्याची चमक ही नर-मादीची खूण असते. परक्या उजेडात ती हरवते. त्यांच्या अळ्या जमिनीवर, ओलसर पाचोळ्यात वाढतात. तिथेच पर्यटकांचे बूट पडतात. हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांखाली अंधारात पंधरा मिनिटे डोळे सरावू दिले तर दिसते ते छायाचित्रापेक्षा कमी असते आणि जास्तही.

घरट्यांचेही तसेच. स्वर्गीय नर्तकाच्या पिलांचा ‘स्वच्छ’ फोटो हवा म्हणून आजूबाजूची पाने-फांद्या बाजूला केल्या, तर ऊन आणि कावळा दोघांनाही घरटे सापडते. दुर्मीळ प्राण्याचा फोटो टाकताना त्यासोबत नेमके ठिकाण जाऊ नये, हा नियम अजून अनेक अनुभवी छायाचित्रकारही पाळत नाहीत. ‘आयनॅचरलिस्ट’सारखे संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातींचे अचूक स्थान आपोआप धूसर करते, इन्स्टाग्राम करत नाही.

हौशी छायाचित्रांचा विज्ञानाला काही उपयोग होतो?

होतो, आणि अनपेक्षित वाटेने होतो. २०२० च्या टाळेबंदीत अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात शिकणारा वीरेंद्र भारद्वाज हा विद्यार्थी हिमाचलमधल्या चंबा जिल्ह्यात आपल्या घरी अडकला होता. दूर जाणे शक्य नव्हते, म्हणून तो घराभोवतीचेच साप, सरडे टिपून इन्स्टाग्रामवर टाकू लागला. त्यातला एक कुकरी साप बंगळुरूतल्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसचे संशोधक झीशान मिर्झा यांच्या नजरेस पडला. तो ओळखीचा वाटेना. पुढे नमुने मिळवले गेले, खवले मोजले गेले, डीएनए तपासला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ‘ऑलिगोडॉन चुराहेन्सिस’ या नव्या प्रजातीची नोंद झाली. नुसत्या फोटोवरून नवी प्रजाती ठरत नाही. पण तो फोटो नसता तर त्या सापाकडे तेव्हा कोणी वळून पाहिले नसते.

फोटो दाखवून एखादी जागा ‘जंगल’ ठरते का?

इथे प्रश्न कलेचा राहत नाही. मुंबईत मेट्रो-३ च्या कारशेडवरून २०१९ मध्ये पेटलेला वाद शेवटी याच शब्दापाशी आला होता : आरे हे जंगल आहे की नाही? रस्त्यावर उतरलेल्यांत महाविद्यालयीन मुले मोठ्या संख्येने होती. आरेतले बिबटे, कोळी, विंचू यांची छायाचित्रे फोनवरून फोनवर जात होती. आरेतल्या पाड्यातून रात्री जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांनी टिपलेले छायाचित्र त्याआधी, २०१६ मध्ये, लंडनच्या याच स्पर्धेत शहरी गटात विजेते ठरले होते. एका विंचवाला तर आरेचेच नाव आहे : ‘लायकस आरेयेन्सिस’.

उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढील तोड थांबवली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. नंतर आरेतली ८०० हून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून वनखात्याकडे देण्यात आली. पण कारशेड अखेर आरेतच झाली.

सरकारी व्याख्येकडे पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो. भारतीय वन सर्वेक्षण विभाग उपग्रहाच्या आधारे वनाच्छादन मोजतो तेव्हा एक हेक्टर किंवा त्याहून मोठी आणि किमान १० टक्के वृक्षछत्र असलेली कोणतीही जमीन त्यात धरतो. मालकी कोणाची, झाडे कोणती, हे पाहत नाही. त्यामुळे कोकणातली मोठी आमराईही त्यात येऊ शकते. साताऱ्याकडची माळराने, जिथे लांडगा आणि खोकड राहतात, ती मात्र झाडे नाहीत म्हणून निसटतात. उपग्रह वरून पाहतो, त्याला छत दिसते. ओंडक्याखाली काय चालले आहे, हे खाली वाकणाऱ्यालाच दिसते. म्हणून तरुणांच्या या चित्रांना नुसती हौस म्हणून सोडून देता येत नाही. जागेत कोण राहते याची ती नोंद असते, तारीख-ठिकाणासह.

जंगलातच राहणाऱ्या मुलांचे काय?

या साऱ्या चर्चेत त्यांचा कॅमेरा जवळजवळ नाही. लंडनच्या स्पर्धेत १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क पडत नाही. पण अर्ज इंग्रजीत आणि कॅमेरा आपला. चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मुलाला वाघ पाहायला सफारीचे आरक्षण लागत नाही. शाळेच्या वाटेवर पंजाचे ठसे असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, हा घरच्या मिळकतीचा हंगाम. वेचणारी माणसे खाली वाकलेली असतात आणि वाघाच्या हल्ल्यांत अनेकदा तीच सापडतात. ज्याच्या घरातले कोणी असे गेले आहे, त्याला पर्यटकाच्या रीलमधली वाघीण कशी दिसत असेल?

दुसरीकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथल्या मुलांसाठी जंगल म्हणजे ग्रामसभेत ज्याचा हिशेब मांडला जातो ती वस्तू : बांबू किती निघाला, वणवा कुठे लागला, राखणीची पाळी कोणाची. वन्यजीव छायाचित्रणाच्या कार्यशाळा शहरांत भरतात आणि मुलांना जंगलात घेऊन जातात. जंगलातल्या मुलांना दोन जुने कॅमेरे देऊन वर्षभर सोडले, तर येणाऱ्या चित्रांत वाघ असेलच असे नाही. मोहाखालचा जाळून साफ केलेला पाचोळा असेल, पहाटेची टोपली असेल, आणि आई वेचत असताना पाठीमागे काठी घेऊन उभा असलेला धाकटा भाऊ असेल.