धुऱ्यावरची शिंदी व तिच्या रसाची काकवी

आमच्या वर्धा जिल्ह्यांत नाल्याच्या कांठीं, धुऱ्यावर, क्वचित् परसांतही शिंदीचीं झाडें उभीं असतात. शेतकरी तिच्या पानांचे फडे बांधवून घेतो, आणि जागा अडते म्हणून एके दिवशीं खोड तोडून टाकतो. शिंदी म्हटली कीं लोकांना नशा तेवढी आठवते. वस्तुतः सूर्योदयापूर्वीं उतरविलेला तिचा रस म्हणजे निर्दोष नीरा होय, आणि ती आटविली असतां उत्तम काकवी होते.

हा आमचा कांहीं नवा शोध नव्हे. १९३४ सालीं वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचें काम मगनवाडींत चालूं लागलें. तेथें तेलघाणी व हातकागद यांजबरोबर ताडगुळाकडेही लक्ष दिलें जाई. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांचें म्हणणें असें कीं, ऊस सुपीक जमीन व भरपूर पाणी खातो. ताड व शिंदी पडीक जागेंत वाढतात. तेव्हां गूळ या झाडांचा करावा व उसाची जमीन धान्यास द्यावी. पाण्याची ओढ ज्यांना माहीत आहे त्यांनीं याचा विचार अवश्य करावा. कॅनडांत मेपल वृक्षाची काकवी करतात. तेथें सुमारें ४० लिटर रस आटवावा तेव्हां १ लिटर काकवी हातीं येते. शिंदीच्या रसांत साखर शेंकडा १० ते १२ असते, म्हणून सात-आठ लिटरांतच काम भागतें.

पावसाळा संपल्यावर शेंड्याखालील एका बाजूचीं पानें छाटून कोंवळा भाग उघडा करावा व तो आठवडाभर सुकूं द्यावा. नंतर धारदार सुरीनें पातळ साल काढून खालीं बांबूची नळी बसवावी व सायंकाळीं मडकें टांगावें. तीन दिवस रस घेतला कीं तितकेच दिवस झाडास विसांवा द्यावा. पुढील वर्षीं विरुद्ध बाजू धरावी. जुन्या झाडांच्या खोडावर आळीपाळीनें खांचा दिसतात त्या यामुळेंच.

येथें आमची चूक सांगणें भाग आहे. पेन्शनीवर आल्यावर परवाना काढून आम्हीं परसांतील दोन झाडें धरलीं. एकाची धार मंदावली, तेव्हां जाणत्या माणसाचें न ऐकतां आम्हीं सुरी दोन बोटें खोल घातली व विसांव्याचे दिवसही दिले नाहींत. चार दिवस मडकें काठोकाठ भरलें. चैत्रांत गाभा कुजला व शेंडा कलंडला. शिंदीस शेंडा एकच. तो गेला कीं झाड गेलें. वडिलांच्या वेळचें तें झाड आम्हीं एका हंगामाच्या लोभानें घालविलें.

मडकें रोज कढत पाण्यानें धुवून आंतून चुन्याच्या निवळीचा हात फिरवावा. चुना फार झाल्यास काकवी काळवंडते. उतरविलेला रस लगेच गाळून पसरट कढईंत चढवावा. ऊन वर आलें, आभाळ आलें, कीं तो आंबूं लागतो. आंबलेला रस कितीही आटविला तरी काकवी साधत नाहीं. मळी काढीत जावें. एकतारी पाक आला कीं कढई उतरावी. पुढें नेल्यास गूळ होतो. जळण पुष्कळ लागतें हें खरें. विकतचीं लांकडें घेऊन हा उद्योग परवडणार नाहीं. पण पऱ्हाट्या व तुराट्या घरच्या असतात, आणि नाहींतरी त्या शेतांतच पेटविल्या जातात.

परवान्याविषयीं मात्र कोणीं गाफील राहूं नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें ताजी, न आंबलेली नीरासुद्धां ताडीच्या व्याख्येंत धरली आहे. परवान्याशिवाय स्वतःच्या परसांतील झाडासही सुरी लावणें गुन्हा होतो. अर्जांत झाडांची संख्या व सर्व्हे नंबर लिहून सातबाऱ्याचा उतारा जोडावा. आम्हीं सारा जन्म कागद हलविण्यांत घालविला, तरी आमच्याच अर्जास एक हिंवाळा लागला. म्हणून अर्ज पोळ्याच्या सुमारासच करावा, व झाडावर चढणारा जाणता मनुष्य त्यापूर्वींच ठरवून ठेवावा.