डेटाबेस : संबंधित नोंदींची उचल

डेटाबेसमध्ये निरनिराळ्या कोष्टकांत विभागून ठेवलेल्या, परंतु परस्परांशी संबंध असलेल्या नोंदी आज्ञावलीला हव्या असतात, तेव्हा त्या शक्य तितक्या कमी फेऱ्यांत आणण्याच्या पद्धतींचा या विषयात अंतर्भाव होतो. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नास पृच्छा किंवा क्वेरी म्हणतात. पृच्छा आज्ञावलीकार स्वतः लिहू शकतो. तथापि हे काम पुष्कळदा ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, संक्षेपाने ओआरएम, या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर सोपविले जाते. उचलीतील दोषही बहुधा तेथेच उद्‌भवतात.

एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारलेल्या डेटाबेसमध्ये एक बाब शक्यतो एकाच ठिकाणी लिहिली जाते. गावाच्या नोंदीत तालुक्याचा केवळ क्रमांक असतो, तालुक्याच्या नोंदीत जिल्ह्याचा. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांनाच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अशा वेळी काही तालुक्यांच्या नोंदींतील जिल्हाक्रमांक बदलला की पुरते; गावांच्या नोंदींना हात लावावा लागत नाही. मात्र लिहिताना जे वेगळे केले, ते वाचताना पुन्हा जुळवावे लागते.

जमिनीच्या अभिलेखांत ही रचना संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. गाव नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराने त्या गावात धारण केलेल्या जमिनींची यादी असते. त्यातील प्रत्येक गटाचा अधिकार अभिलेख गाव नमुना ७ मध्ये, तर पिकांची नोंद गाव नमुना १२ मध्ये सापडते. या दोहोंचा मिळून सात-बारा उतारा होतो. नमुना ७ वरील फेरफार क्रमांक गाव नमुना ६ कडे, म्हणजे फेरफार नोंदवहीकडे, बोट दाखवितो. रावेरच्या एखाद्या केळी-बागायतदाराच्या ८-अ वर नऊ गट असतील, तर कारकून यादी करून दफ्तरखान्यात एकदाच जाईल. दर गटासाठी स्वतंत्र खेप तो करणार नाही, कारण त्याचे पाय दुखतात. आज्ञावलीस ही अडचण नसल्यामुळे ती निमूटपणे नऊ खेपा करते.

ओआरएम कोष्टकातील प्रत्येक ओळ आज्ञावलीपुढे एक वस्तू म्हणून ठेवतो. ‘गटाचे खातेदार’ असे लिहिले की खातेदार हाती येतात. त्यामागे डेटाबेसकडे एक फेरी झाली, हे लिहिणाऱ्यास दिसत नाही. मागणी होईपर्यंत संबंधित नोंद न आणण्याच्या या रीतीस ‘लेझी लोडिंग’ किंवा विलंबित उचल म्हणतात. हायबरनेट (२००१), रेल्समधील ॲक्टिव्ह रेकॉर्ड (२००४), जँगो (२००५) इ. साधनांत ती आढळते. एकच नोंद पाहावयाची असेल, तर ती योग्यही आहे. यादीच्या बाबतीत मात्र यादीसाठी एक आणि यादीतील प्रत्येक नोंदीसाठी एक अशा पृच्छा होतात. यासच ‘एन अधिक एक’ दोष म्हणतात.

गावनिहाय प्रलंबित फेरफारांचा तक्ता करणारी एखादी आज्ञावली घेऊ. चाचणीसाठी साक्री तालुक्यातील पाच गावे घेतल्यास सहा पृच्छा होतील व तक्ता क्षणात दिसेल. जळगाव जिल्ह्यात सुमारे दीड हजार गावे आहेत. एका फेरीस ५ मिलिसेकंद धरल्यास १,५०१ फेऱ्यांना साडेसात सेकंद लागतील; दोन्ही संगणक एकाच खोलीत असल्यास पुष्कळ कमी, दूरच्या शहरांत असल्यास पुष्कळ अधिक. पंधरा तालुक्यांतून हा तक्ता एकाच वेळी मागविला गेला, तर डेटाबेसच्या मर्यादित जोडण्या अडकून पडतात आणि पीककर्जासाठी केवळ एक उतारा हवा असलेला शेतकरी खिडकीपाशी ताटकळतो. त्याच्या उताऱ्याच्या आज्ञावलीत कसलाही दोष नसतो.

यावर आगाऊ उचल हा उपाय असून तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात दोन कोष्टके जोडून, म्हणजे ‘जॉइन’ करून, सर्व माहिती एकाच पृच्छेत आणतात. दुसऱ्यात प्रथम मूळ यादी आणून तिच्यातील सर्व क्रमांक दुसऱ्या एकाच पृच्छेत देतात व आलेल्या नोंदी स्मृतीत जुळवितात. हीच कारकुनाची रीत. जँगोमध्ये यांसाठी अनुक्रमे ‘सिलेक्ट रिलेटेड’ व ‘प्रीफेच रिलेटेड’ या सोयी आहेत. गावाकडून तालुक्याकडे जाताना, जेथे एका नोंदीस एकच जोडीदार असतो, पहिला प्रकार सरस ठरतो. उलट एका गटाचे ५ खातेदार व पिकांच्या १२ नोंदी एकाच जोडणीत मागितल्यास १७ नोंदींसाठी ६० ओळी येतात; तेथे दुसराच प्रकार वापरावा. शिवाय जोडणीवर ‘पहिल्या २० ओळी’ अशी मर्यादा घातल्यास २० गट न येता कदाचित चारच येतील, आणि ही चूक सहसा लवकर ध्यानात येत नाही.

सर्वच संबंध कायमचे आगाऊ करून टाकणे हा उपाय रोगापेक्षा भारी होय. एक गट उघडला की त्याचे खातेदार, त्या खातेदारांचे इतर गट, त्या गटांचे खातेदार असे करीत अर्धे गाव स्मृतीत येते. जावासाठीच्या जेपीए प्रमाणकात अनेकाकडून एकाकडे जाणारे संबंध मुळातच आगाऊ उचलीचे धरलेले असल्याने तेथे विशेष दक्षता घ्यावी लागते. वरील तक्त्यास तर फेरफारांच्या नोंदी मुळी नकोच आहेत. केवळ त्यांची गावनिहाय संख्या हवी. ती डेटाबेसकडूनच मोजून घेतल्यास एक पृच्छा पुरते.

दोष ओळखण्यासाठी वेळ मोजण्यापेक्षा पृच्छा मोजणे अधिक विश्वसनीय असते. तीच आज्ञावली दोन गावांवर व नंतर वीस गावांवर चालवून पाहावी. पृच्छांची संख्या वाढली, तर दोष आहे. फेऱ्या कमी करूनही गती न आल्यास जोडणीच्या स्तंभावर सूची, म्हणजे इंडेक्स, आहे की नाही हे तपासावे. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे संचयन-यंत्र परकीय किल्लीसाठी सूची आपोआप तयार करते; पोस्टग्रेएसक्यूएल ती करीत नाही, त्यामुळे तेथे एकाच पृच्छेसाठीही संपूर्ण कोष्टक वाचले जाण्याचा संभव असतो.